झोपून पाहिलेली कॅरॅव्हान

डिसेंबरच्या उन्हाळी सुट्टीत समुद्रावर जायला कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायची, यावर जानुआरींच्या घरात एकमत होतं. ती नवी घ्यायची की जुनी, यावर मात्र तीन महिने धुसफूस चालली होती. ग्रेनव्हिल जानुआरी वूस्टर गावात लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि वाहनांच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा असं त्याला वाटायचं. त्याचं मत जुनीला होतं.

"जुनीचे सगळे दोष उघड झालेले असतात," तो म्हणायचा. "नवीचे घरी आणल्यावर एकेक बाहेर येतात."

"हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही," त्याची बायको मर्सिया म्हणायची. तिला नवी हवी होती.

निर्णय शेवटी मर्सियाच्या आईवर, सिबिलबाईंवर सोपवला. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आणि त्यांची पाठ त्यांच्याहून म्हातारी. नवी कॅरॅव्हान त्या आदल्या आठवड्यात पाहून आल्या होत्या, पण शोरूमवाल्याने आत शिरताना बूट काढायला लावल्याने त्या रागावल्या आणि बाहेरूनच परतल्या. जुनी रॉबर्टसन गावाला, फोर्टाइन नावाच्या निवृत्त मास्तरांच्या अंगणात उभी होती. शनिवारी तिघं तिकडे निघाले.

मास्तर चर्चच्या बैठकीला गेले होते. त्यांच्या बायकोने कॅरॅव्हान उघडून दिली आणि मर्सियाला चहाला घरात नेलं. सिबिलबाई बुटांसकट पलंगावर आडव्या झाल्या, आणि दोन मिनिटांत घोरायला लागल्या.

ग्रेनव्हिलने ही शुभ खूण मानली. ओल कुठे आली आहे का, ते बघायला त्याने टॉर्च घेऊन पलंगाखालच्या कपाटात खांद्यापर्यंत मुंडी घातली. कॅरॅव्हान जरा हलली. सासूबाई कुशीवर वळल्या असतील, असं त्याला वाटलं. आणखी एकदा हलली. दुसऱ्या कुशीवर. तो मुंडी काढून बसला तेव्हा खिडकीतून द्राक्षांचे मळे मागे पळत होते.

झालं होतं ते असं. मास्तरांनी सकाळीच फोनवरून कॅरॅव्हान अपोलिस नावाच्या गृहस्थाला विकली होती आणि 'फाटकापाशी उभी आहे, गाडीला जोडा आणि न्या' असं सांगितलं होतं. बायकोला हे सांगायचं राहून गेलं. अपोलिस शब्दाचा पक्का. त्याने दार ओढून घेतलं, जोडली आणि नेली.

ग्रेनव्हिलने पुढच्या भिंतीवर मुठी आपटल्या. अपोलिसच्या गाडीत भजनं मोठ्याने चालली होती. फोन मर्सियाच्या पर्समध्ये. तो मागच्या खिडकीशी जाऊन दोन्ही हात हलवू लागला. मागच्या गाडीतल्या मुलांनीही हात हलवले.

आवाजाने सिबिलबाई जाग्या झाल्या. "घेतलीस का रे?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई. आपल्यालाच घेऊन चाललेत."

"चालवतोय बरं," म्हणून त्या पुन्हा आडव्या झाल्या.

बरं कसलं चालवतोय. वळणावर दिवा दाखवत नव्हता, उतारावर गिअर बदलत नव्हता. प्रत्येक वळणावर वरच्या कपाटाचं दार उघडायचं आणि ग्रेनव्हिलच्या कपाळावर बसायचं. नळ खडखडत होता. कोपऱ्यातली जमीन पायाखाली पावासारखी दबत होती. तिसऱ्यांदा कपाळ चोळताना त्याच्या मनात स्वच्छ उजेड पडला. मर्सियाचं बरोबर होतं. नवीच घ्यायची. घरी गेल्यावर आपणहून सांगायचं, मोठ्या मनाने.

वीस-पंचवीस किलोमीटरवर ट्रॅफिक पोलिसाने त्यांना थांबवलं. त्याला खिडकीत माणूस दिसला होता. दार उघडून त्याने आत पाहिलं आणि टोपी सरळ केली. तो ग्रेनव्हिलचाच शिष्य; चार वेळा सरावात नापास करून पाचव्यांदा ग्रेनव्हिलनेच त्याला परीक्षेला सोडलं होतं.

"सर, चालत्या कॅरॅव्हानमध्ये बसायला परवानगी नसते. तुम्हीच शिकवलंत."

"बसलो नाही, बाबा. नेला गेलो."

अपोलिस धावत आला. त्याने आधी ग्रेनव्हिलकडे पाहिलं, मग बूट सरळ करत उतरणाऱ्या सिबिलबाईंकडे, आणि तो रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला. त्याच्या मागोमाग गाडीतून उतरलेल्या बायकोला मात्र मुळीच धक्का बसला नव्हता.

"मी म्हणत होते नवी घ्या," ती नवऱ्याला म्हणाली. "जुन्या वस्तूत कोण असेल सांगता येत नाही. ही मला नको."

तेवढ्यात मर्सिया मागून गाडी घेऊन पोचली; कॅरॅव्हान फाटकातून जाताना दिसताच ती चहा टाकून पाठीमागे निघाली होती. झाला प्रकार कळल्यावर ती आधी आईकडे वळली.

"आई, पाठ कशी आहे?"

"पाठ?" सिबिलबाईंनी आठवून पाहिलं. "आहे की नाही तेच कळलं नाही. हीच घ्या."

मर्सियाने कॅरॅव्हानभोवती एक चक्कर मारली. "मी मागूनच येत होते. जराही डुलली नाही. ग्रेनव्हिल, तुझंच खरं. घेऊया ही."

"तरी पण," ग्रेनव्हिल कपाळावर हात ठेवून म्हणाला, "नवी एकदा नीट बघायला काय हरकत आहे?"

"तीन महिने माझं डोकं खाल्लंस आणि आता हे?" मर्सिया म्हणाली. अपोलिस तर तेव्हाच दगडावरून उठून खुशीने हुक सोडवायला लागला होता.

सगळा नोव्हेंबर ग्रेनव्हिल बिजागऱ्या बदलत आणि जमिनीला फळ्या ठोकत राहिला. डिसेंबरात कॅरॅव्हान समुद्राकाठी उभी राहिली. दुपारी सिबिलबाई आत गाढ झोपल्या होत्या, बाहेर नवराबायको खुर्च्या टाकून चहा पीत होते, आणि वारा इतका छान होता की ग्रेनव्हिलला खरं बोलावंसं वाटलं.

"तुला सांगतो, त्या दिवशी आत बसल्या बसल्या माझं मत बदललं होतं. मला नवीच घ्यायची होती."

"ठाऊक आहे," मर्सिया म्हणाली. "मागच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. ते दार तुला तीनदा लागलं."

"मग ही का घेतलीस?"

मर्सियाने कुकसिस्टर नावाच्या तळलेल्या मिठाईचा पाक बोटांवरून चाटला. "नवी घेतली असती तर 'जुनी किती चांगली होती' हे मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. आता बघ, कसा गप्प आहेस."