नातवंड कोणत्या राज्याचं?

"देवानं आधी बास्केटबॉल केला, मग तो ठेवायला इंडियाना केलं! उरलासुरला चिखल नदीपलीकडे फेकला, त्याचं केंटकी झालं!"

ग्लेन हुबर हे वाक्य खास व्याह्यांसाठी राखून ठेवायचा, आणि तेही व्याह्यांच्या तोंडात घास असताना. व्याही डेल्बर्ट कॉम्ब्स पक्के केंटकीचे. घास गिळायचे, तोंड पुसायचे आणि शांतपणे विचारायचे, "मग मोठ्या संघांत आमचीच पोरं का दिसतात हो?"

झालं! कोणत्या राज्यानं जास्त व्यावसायिक खेळाडू दिले, यावर जेवण गार व्हायचं. केंटकीच्या कॉलेजात खेळलेला प्रत्येक खेळाडू डेल्बर्ट आपल्या पदरात टाकायचे. शेवटी ग्लेननंच टेबलावर मूठ आपटून नियम केला होता. "शिकला कुठं ते सोडा! आईनं जन्म जिथं दिला, खेळाडू तिथला! कबूल?"

"कबूल," डेल्बर्ट म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले, की ग्लेनला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कारण ग्लेनची लेक जोलीन दिली होती केंटकीत. पोरगी दारातून वाकून आत येणारी, कॉलेजच्या संघात सेंटरला, बास्केटखाली उंच गड्याच्या जागी, खेळलेली. नवरा ट्रॅव्हिस तर वीजकंपनीत खांबावर चढायच्या कामाला, पण गावातले लोक म्हणायचे, याला शिडी कशाला? अशा जोडप्याला दिवस गेले म्हणजे जन्माला येणार ते नुसतं बाळ नव्हे, थेट व्यावसायिक खेळाडू! आणि तो केंटकीच्या खात्यात?

लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायची तिकडे रीत नाही. ग्लेननं ती पाडली. जवळचं हॉस्पिटल पूल ओलांडला की पलीकडच्या काठावर, म्हणजे केंटकीत. इंडियानातलं तासाभराच्या वाटेवर, मक्याच्या शेतांपलीकडे. "तिकडेच जायचं!" ग्लेननं बजावलं. बायको व्हर्ना म्हणाली, "पोर तुझं वेळापत्रक वाचून येणारे का?"

पोरानं वाचलं नाही. शनिवारी दुपारी, ट्रॅव्हिस कामावर आणि डेल्बर्ट जेवायला आलेले असतानाच, जोलीननं काटा खाली ठेवला. "बाबा, निघूया."

ग्लेननं तिला आणि व्हर्नाला पिकअपमध्ये घातलं आणि गाडी मक्याच्या दिशेनं पिटाळली. मागून डेल्बर्ट आपल्या गाडीत. चेहरा असा, जणू पंक्तीत जिलबीचं ताट आपल्याला टाळून पुढेच सरकतंय.

गावाच्या टोकाला समोरून भोंगा आला. गावच्या शाळेचा संघ स्पर्धा जिंकून परतत होता. पुढे आगीचा बंब, मागे पोरांची बस, तिच्यामागे हॉर्न बडवणारं अख्खं गाव. अशा वेळी तिथला माणूस गाडी कडेला घेतो, टोपी काढतो आणि बस जाईपर्यंत उभा राहतो. बाप गेला तरी.

ग्लेननं गाडी कडेला घेतली. उतरला. टोपी काढली!

"ग्लेन! पोरगी बाळंत होतेय!" व्हर्ना ओरडली.

"पण संघ चाललाय गं!"

"थांब ना आई," जोलीन दात आवळून म्हणाली. "बाबा... कितीच्या फरकानं जिंकले विचारा... आई गं!"

व्हर्नानं कपाळ बडवलं आणि खिडकीतून निम्मी बाहेर येऊन बंबाला अशी किंचाळली, की भोंगा लाजून बंद पडला. बंबवाल्यांनी आत एक नजर टाकली. "हुबर, मक्याबिक्याकडे जायला वेळ नाही. पूल!"

ग्लेनचं तोंड पडलं. पण लेकीनं त्याची बाही धरली होती. तो गाडीत बसला आणि बंबामागे निघाला. त्याच्यामागे संघाची बसही वळली. ड्रायव्हरला बंबामागून चल एवढंच सांगितलं होतं, तो चालला!

पूल निम्माही झाला नव्हता. "बाबा, थांबवा!"

थांबवली. बंबवाले धावले; तिकडे त्यांना बाळंतपणही शिकवतात. बसमधून पोरं उतरली, एकेक असा की पुलाचे खांब खुजे वाटावेत. कुणी सांगितलं नाही. पिकअपला पाठ करून ती खांद्याला खांदा लावून उभी राहिली, जाकिटं ताणून धरली. वाऱ्यात ती भिंत हलली नाही. ग्लेन तिच्याकडे बघतच राहिला. आयुष्यभर त्यानं बचाव पाहिला होता; असा नव्हता पाहिला.

मग रडणं ऐकू आलं.

"मुलगी!" व्हर्ना म्हणाली. "आणि दोघी ठणठणीत."

ग्लेननं नात हातात घेतली. काय ती बोटं! त्याच्या अंगठ्याला वेढा घालून वर उरत होती. खाली नदी दबकत चाललेली.

मग त्याला समोर दूरवर पाटी दिसली. "'केंटकीत स्वागत!' व्याही, पाटी पुढं आहे! आपण अलीकडे! इंडियाना!"

बसमागे अडकलेली गाडी सोडून धापा टाकत पोचलेल्या डेल्बर्टनी डोळे पुसले. "व्याही, पण पुलाखालची नदी कुणाची?"

ग्लेन गार पडला. राज्यं आखणाऱ्यांनी अख्खी नदी केंटकीला देऊन टाकली होती. इंडियानाच्या काठाला पाणी लागलं, की इंडियाना संपलं! नदीकाठचं शेंबडं पोरही हे जाणतं.

"जन्म तिथला खेळाडू," डेल्बर्ट हळूच म्हणाले. "नियम तुमचाच."

"जन्माला काय लागतंय!" ग्लेन उसळला. "आईबापाचं कर्तृत्व ते! पहिला बॉल हातात कुठं घेतला, ते खरं! कबूल?"

"कबूल," डेल्बर्ट म्हणाले. पुन्हा चटकन.

ग्लेन गर्रकन वळला. संघाच्या कप्तानाच्या काखेत सामन्याचा बॉल होता. "दे रे बाळा, क्षणभर!" त्यानं तो नातीपुढे धरला. इवला पंजा चामड्यावर टेकला, बोटं पसरली, आणि तिनं रडणं थांबवलं.

कप्तानानं टोपी काढली. मग सगळ्यांनीच.

"पाहिलंत?" ग्लेनचे डोळे वाहत होते. "पाहिलंत व्याही? बॉल इंडियानाचा!"

"पाहिला की," डेल्बर्ट कठड्यावरून खाली वाकून म्हणाले. "पण व्याही, आपण अजून पुलावरच आहोत."