देवयानीचा हयातीचा दाखला

दीर्घिकांनाही दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि आमच्या तालुक्याच्या वाट्याला आलेल्या देवयानी दीर्घिकेचा दाखला आमच्या परसातून जातो. दीर्घिका स्वतः कचेरीत येऊ शकत नाही. म्हणून नेमलेल्या व्यक्तीने दुर्बिणीतून पाहून 'आज समक्ष पाहिली, हयात आहे' असे लिहून सही करायची. महिनाअखेर दाखला गेला नाही, तर दीर्घिका कमी करतात.

एकतीस वर्षे हे काम सिंधूआत्याने केले. ती बालवाडीत शिकवायची. धुण्याच्या दगडाशेजारी तिपाईवर तिची छोटी दुर्बीण उभी असे. दिवेलागण झाली की भिंग पदराने पुसायचे, पाहायचे, सही करायची. मोतीबिंदू वाढल्यावर काम माझ्याकडे आले. मी सहा वर्षे नेदरलँड्समध्ये खगोलशास्त्र शिकून नुकतीच परतले होते, आणि आपल्या माणसांत विज्ञान रुजवायचे हे विमानातच ठरवले होते.

फॉर्म वाचून मी आत्याला म्हटले की हे खोटे आहे. देवयानीचा प्रकाश इथे पोचायला पंचवीस लाख वर्षे लागतात. ती आज आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. एकतीस वर्षे तू खोट्या सह्या केल्यास, असेही म्हटले. शेजारच्या कुंदावहिनी कढीपत्ता न्यायला आल्या होत्या, त्यांच्यादेखत म्हटले.

"तिला इथं आपल्याशिवाय कोण आहे गं?" आत्या एवढेच म्हणाली. मला तो भाबडेपणा वाटला.

दाखल्यावर मी लिहिले, 'पंचवीस लाख वर्षांपूर्वी हयात होती. आजचे सांगता येत नाही.' कचेरीतल्या पालवेभाऊसाहेबांनी तो दोनदा वाचला. चहा मागवला. नुसते हयात लिहा, बाकीचे आम्हाला लागत नाही, असे समजावून पाहिले. मी त्यांना सत्याविषयी वीस मिनिटे ऐकवले. त्यांनी शिक्का मारला.

एक डिसेंबरला संध्याकाळी देवयानी जागेवर नव्हती. आजूबाजूचे तारे होते. मधे काळे होते.

सकाळी कचेरीत गेले. "कमी केली," भाऊसाहेब म्हणाले. "तुमच्याच सहीनं."

चूक दुरुस्त करता येईल का, असे मी विचारले. येईल, ते म्हणाले. दोघांनी समक्ष पाहिल्याचे लिहून दिले की नोंद पूर्ववत होते. मग ती लगेच दिसेल का, असे विचारल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"कमी करणं आमच्या हातात असतं, मॅडम. परत यायचं ते तिकडून यायचं. प्रकाशाला लागेल तेवढा वेळ लागणार. आकडा तुम्हीच सांगितलात." तोपर्यंत दरवर्षीचा दाखला चुकवून चालणार नव्हते. एक वर्ष राहिले, तर ती कायमची गेली.

परतताना कुंदावहिनी फाटकात उभ्या होत्या. "असलेल्याचं नसलेलं करायला सहा वर्षं लागतात होय शिकायला," त्या म्हणाल्या. मी चप्पल काढून आत गेले.

आत्याला सांगायला मला संध्याकाळ झाली. तोवर मी मेथी निवडली, पुन्हा निवडली. ऐकून तिने परसात खुर्ची मागितली आणि दुर्बिणीला डोळा लावला. त्या डोळ्याला समोरचे केळीचे झाडही नीट दिसत नाही.

तिने बराच वेळ पाहिले.

"आहे," ती म्हणाली. "फिकी पडलीय, पण आहे. आण कागद."

तिने सही केली. दुसरी सही माझी होती. मी पेन उघडले.

"आधी बघ," आत्या म्हणाली. "न बघता सही करायची नाही. मी कधी केली नाही."

मी पाहिले. तिथे काही नव्हते. आत्याने पाहिले होते तेवढा वेळ मी पाहत राहिले. मग अंधारातच चाचपडत लिहिले, 'आज समक्ष पाहिली, हयात आहे.' खाली सही केली आणि पुन्हा डोळा भिंगाला लावला, कारण आत्या माझ्याकडे पाहत होती.

"कशी आहे?" तिने विचारले.

मान वर न करता मी म्हटले, "बरी आहे."