करंदेबाईंचा गोल मफलर

सावरगडात गोल मफलर घातलेला माणूस सकाळी कुठेही गेला, तरी दिवेलागणीला मफलर विणणारीच्या ओट्यावर परत आलेला असे. सरळ मफलरला दोन टोकं असतात, गोलाला एकही नसतं, म्हणून असं होतं, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. नगरपालिकेत मफलर विभाग होता. टाके किती, लोकर कसली आणि घालणारा कोण, हे तिथे नोंदवायचं. लग्न झालेल्या पुरुषांनी आईचा मफलर वापरू नये, असा एक जुना ठराव होता. तो बऱ्याच भांडणांनंतर झाला होता.

पुष्पलता करंदे यांनी आपल्या मुलीला, चारुताला, तिसऱ्या वर्षापासून गोल मफलरात वाढवलं. सहावीच्या सहलीत वर्ग वेरूळला मुक्कामाला राहिला आणि चारुता दिवेलागणीला ओट्यावर हजर झाली, हातात अर्धा खाल्लेला बटाटेवडा घेऊन. मुलगी रडत होती. करंदेबाईंनी दार उघडलं आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज कुठवर गेली होतीस?" चारुता मफलर काढून टाकील म्हणून त्यांनी तो स्वेटरला टाके घालून पक्का केलेला होता.

आता चारुता चोवीस वर्षांची होती आणि तिला शिलाँगच्या वेधशाळेत नोकरी लागली होती.

"आई, तिथं थंडी फार असते. मफलर दे विणून. पण सरळ हं," ती म्हणाली.

"सरळच विणते की," करंदेबाई म्हणाल्या आणि त्याच दिवशी त्यांनी गोल सुई काढली.

खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं. पण मुलगी जाईल आणि हे घर संध्याकाळी सहा वाजता कोणाचीच वाट बघत बसणार नाही, हे त्यांना अजिबात सहन होण्यासारखं नव्हतं. जीव थाऱ्यावर नव्हता. दोन ओळी विणायच्या की उठायच्या, आणि विणकामाचं सामान लावायला घ्यायच्या. लोकरीची पेटी त्यांनी आधी रंगांप्रमाणे लावली, मग जाडीप्रमाणे, मग कोणासाठी आणली होती त्याप्रमाणे. शेवटच्या रीतीने सगळी लोकर चारुताच्याच कप्प्यात गेली, तेव्हा त्यांनी ती परत रंगांप्रमाणे लावली. मिसळणाच्या जुन्या डब्यात बटणं, खुणेच्या सेफ्टी पिना आणि मोडकी सुई अशी वाटणी होती. त्या वाट्याही तीनदा बदलून झाल्या.

या उठबशीत घात झाला. एकशे वीस टाके सुईवर घालून गोल जोडताना, सगळ्या टाक्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत ना, हे बघायचं असतं. पहिलीच्या मुलीलाही हे सांगतात. करंदेबाईंनी पाहिलं नाही. वीतभर विणून झाल्यावर मफलर मांडीवर पसरला, तर त्याला एक पीळ होता. असा पीळ ओढून जात नाही, सगळं उसवावं लागतं. गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

त्या तशाच उठून नगरपालिकेत गेल्या. मफलर विभागाचे लिपिक वाघचौरे डबा खात होते. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि पिळावरून बोट फिरवलं.

"करंदेताई, बाजू कोणती सुलटी म्हणायची याची?"

"दोन्ही एकच झाल्यात हो, भाऊसाहेब. चालेल ना?"

वाघचौरेंनी चार रजिस्टरं उघडली. "पीळ असलेल्या मफलरची नोंद नाही. सबब तो गोलच धरावा लागेल. दिवेलागण सावरगडची धरायची, शिलाँगची नाही. तिकडे आधीच अंधारतं."

"म्हणजे येणं होईल?"

"येणं होईल," वाघचौरे म्हणाले आणि शिक्का मारला.

करंदेबाईंनी घरी जाऊन मफलर संपवला, एका जागी घडी घालून टाचला आणि दोन्ही बाजूंना गोंडे लावले. बघणाऱ्याला तो सरळ दिसे. चारुताने तो बॅगेत टाकला. "तिकडे पोचल्यावरच घालीन, गाडीत उकडतं," ती म्हणाली. निघताना तिने आईला मिठी मारली, तेव्हा करंदेबाईंना तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

प्रवासाचे तीन दिवस त्यांनी पेटीचं झाकण उघडत आणि लावत काढले. चौथ्या दिवशी चारुताचा फोन आला. "पोचले गं. दात वाजतायत नुसते. तुझा मफलर घातलाय." करंदेबाईंनी पाच वाजता दोन माणसांचं पिठलं टाकलं, ओटा झाडला आणि दारात उभ्या राहिल्या. पळी हातातच होती.

गल्लीतले दिवे लागले, आणि करंदेबाई एका लाकडी घराच्या पायरीवर उभ्या होत्या. समोर पाइनची झाडं होती, थंडी नाकात शिरत होती. दार चारुताने उघडलं. तिने आईकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं, मग गळ्यातल्या मफलरवर बोट फिरवत टाचलेली जागा शोधली आणि त्यापुढे पीळही शोधला.

"गोल विणलास."

"हो."

"आणि पीळ पडू दिलास."

"घाई झाली गं," करंदेबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. "चुकलं माझं. काढ तो मफलर, मी उद्या गाडीनं जाते परत. गॅस तसाच आहे तिकडे."

"गॅस शेजारच्या काकू बंद करतील, मी सांगते फोन करून. मफलर काही काढणार नाही. इथं थंडी मार्चपर्यंत असते."

दुसऱ्या दिवशी करंदेबाई सकाळच्या गाडीने निघाल्या आणि दिवेलागणीला पायरीवर परत आल्या. तिसऱ्या दिवशी त्या अंधार असतानाच निघाल्या. त्याचाही उपयोग झाला नाही. त्यांनी नगरपालिकेला पत्र टाकलं. वाघचौरेंचं उत्तर आलं की नोंदीत 'येणं होईल' एवढंच लिहिलेलं आहे, कोणाचं ते लिहिलेलं नाही, आणि शिक्का मारलेली नोंद बदलत नाही.

पंधराव्या दिवशी त्या आगगाडीत खिडकीशी बसून संत्रं सोलत होत्या. बाहेर आसामची सपाट शेतं अंधारात गेली होती. डब्यातले दिवे कधीच लागले होते, समोरची बाई आपल्या नातवाचं सांगत होती, आणि या वेळी कदाचित जमेल, असं त्यांना वाटत होतं. मग तिकडे सावरगडात दिवे लागले.

त्या पायरीवर उभ्या होत्या. हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

दार उघडलं. चारुताच्या गळ्यात मफलर होता.

"आज कुठवर गेली होतीस?" तिने विचारलं.

"बोंगाईगावच्या पुढे," करंदेबाई म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.