फळ्यावर नसलेला पळस

आमच्या जिनिंगच्या फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी कापसाचा भाव लिहिला जाई, आणि माघ लागला की भावाच्या खाली, त्याच खडूने, दामूनाना आणखी तीन ओळी लिहीत. ‘सावर तेजीत, मालधक्क्यामागे. पांगारा, आवक किरकोळ, मेहरूण तलावाच्या वाटेला. कडुनिंबाचा मोहोर, चैत्रापर्यंत थांबावे.’

गाड्या घेऊन आलेले शेतकरी आधी भाव वाचत, तोंड वाकडं करत, मग खालचं वाचत. एखादा हटकून विचारी, ‘नाना, सावरना भाव काय शे?’

‘फुकट शे भाऊ. पन पाय लागतस.’

शेठ त्या ओळी पुसायला लावत. नाना दुसऱ्या दिवशी त्या थोड्या खाली लिहीत. असं करत करत फाल्गुनात त्या फळ्याच्या चौकटीवर येत.

नाना वजनकाट्यावर होते. मी शेजारच्या टेबलाशी बसून गाड्यांच्या चिठ्ठ्या लिहीत असे. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवयांवर, कानांतल्या केसांवर रुई बसलेली असे, आणि त्या रुईतून बोलणं अखंड चालू असे. ‘दिवसभर पांढरं बघतो हो. घरी गेलो तर भिंती पांढऱ्या. बायको गेल्यापासून ताटात नुसता भात, तोही पांढरा. माणसाने रंग बघावा कुठे?’ मग उत्तर तेच देत. ‘एवढं मोठं शहर, आणि लोक नुसते चालतात.’

जळगाव त्या दिवसांत एवढं मोठं होतं की स्टेशनवर कुणी शिंकलं तर बाजारपेठेत त्याच्या तब्येतीची चौकशी होई. पण नानांच्या लेखी ते महानगर होतं. कुठल्या गल्लीत, कुणाच्या कुंपणाआड, कोणतं झाड कधी फुलतं, हे त्यांना स्वतःच्या नातलगांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. एकदा काटे तपासायला आलेल्या साहेबांना त्यांनी पांगारा दाखवायला नेलं. साहेबांची गाडी चुकली. त्यांनी वहीत शेरा मारला, ‘काटा बरोबर. कारकून बडबड्या.’ नानांनी पहिलं वाक्य कधी कुणाला सांगितलं नाही. दुसरं वर्षभर सगळ्यांना सांगितलं.

मी बोलत नसे. घरी नाही, कामावर नाही. नाना मला ‘आमचा दगड’ म्हणत. दगडाला सांगितलेलं कुठे जात नाही, या हिशेबाने असेल, एका फाल्गुनात त्यांनी मला रविवारी सकाळी बरोबर चलायला सांगितलं.

गावाबाहेर, गिरणा नदीच्या बाजूला, एक बंद पडलेली वीटभट्टी होती. तिच्यामागे नाल्यात उतरलो. नाना वाटभर बोलत होते, ते नाल्यात उतरताच गप्प झाले. समोर एक पळस होता. पानं गळलेली, आणि सगळ्या फांद्यांवर फुलं. पण केशरी नव्हती. पांढरी होती, ताकाच्या निवळीसारखी.

‘हा फळ्यावर नाही,’ नाना हळूच म्हणाले. ‘आयुष्यात हे एकच पांढरं मला आवडलं. हिला दाखवायचा होता. तिला चालवत नव्हतं, आणि इथवर गाडीवाट नाही. राहिलं. अकरा वर्षांत दुसरं माणूस आणलं नाही. आता आपला दोघांचा.’

मग सांगितलं की पांढऱ्या पळसाने सोनं होतं, पुरलेलं धन सापडतं, असं लोक मानतात. कळलं तर झाड आठ दिवस राहणार नाही. ‘कुणाला बोलू नका, हे तुम्हाला सांगायला नको.’

नकोच होतं सांगायला. मी त्या वेळी खरोखर कुणाशी बोलत नसे.

पंधरवड्याने मी बायकोची तुटलेली पोत जोडायला एका सराफाकडे टाकली आणि तिथेच बसलो. चार माणसं होती. बोलणं कशावरून तरी सोनं करणाऱ्या बुवांवर गेलं, तिथून पांढऱ्या पळसावर. एक म्हातारा म्हणाला, ‘ऐकायचं फक्त. पाहिलाय कुणी?’

मी म्हणालो, ‘मी पाहिलाय.’

तोंडातलं पान चघळायचं थांबवून सगळे माझ्याकडे वळले. सराफाने स्वतःच्या मागचा लोड काढून मला दिला. चहा मागवला, माझ्या एकट्यासाठी. पस्तीस वर्षांत माझं बोलणं ऐकायला कुणी मान वळवली नव्हती. चहा संपायच्या आत मी वीटभट्टी सांगितली, नाला सांगितला, कुठून उतरावं तेही सांगितलं. मला कुणी दरडावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. इतकी वर्षं मी यासाठी एखादी सबब शोधतो आहे. चहाशिवाय काही सापडत नाही, आणि तोही गोड नव्हता.

पुढच्या रविवारी मी चोरून जाऊन पाहिलं. फुलं गेली होती. साल माणसाच्या हाताला पोचेल तिथवर सोललेली होती. नंतर कुणीतरी मुळंही खणून नेली. सोनं कुणाचंच झालं नाही. एकाच्या घरी पितळेचं पातेलं तेवढं जळालं म्हणतात.

नानांना कळलं त्या दिवशी फळ्यावर नुसता भाव होता. दुपारी डबा न उघडता ते माझ्यापाशी येऊन बसले.

‘भाऊ, मी तुमचा गुन्हेगार आहे.’

‘काय झालं नाना?’

‘आपला पळस गेला. माझंच तोंड. कुठे, कुणापाशी, आठवत नाही, पण बोललो असेन. ह्या तोंडाला झाकण नाही. दोघांनाच माहीत होतं, आणि तुमच्याकडून तर जाणं शक्य नाही.’

तेव्हा सांगायचं होतं. शब्द जिभेपर्यंत आलेही. नानांच्या भुवईवरची रुई थरथरत होती, ती पाहत मी म्हणालो, ‘जाऊ द्या नाना. मी मनात नाही ठेवत.’

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणजे मी त्यांना माफ केलं.

त्यानंतर नाना बोलायचे कमी झाले. एखादं वाक्य सुरू करत आणि मध्येच ओठांवर बोटं ठेवत, दार पुढे लोटावं तशी. पुढच्या माघात शेतकऱ्यांनी विचारलं, ‘नाना, सावर काय म्हनस?’ नाना काट्याकडे बघत म्हणाले, ‘माले नका इचारू भाऊ.’ शेठ खूश होते. फळा स्वच्छ राहू लागला.

पुढे नाना पुतण्याकडे धुळ्याला गेले. चार वर्षांनी, ऐन चैत्रात, मी मुद्दाम एस. टी.ने धुळ्याला गेलो. वाटभर वाक्य पाठ करत होतो. नाना वाळले होते. मला पाहून उठले, टोपी घातली आणि काही न बोलता पांझरेच्या काठी घेऊन गेले. एका पडक्या भिंतीमागे शिरीष फुलला होता. आम्ही त्याच्याखाली तासभर बसलो. दोघेही गप्प. माझं ठीक होतं, मी जन्माचा गप्प. त्यांचं ऐकवत नव्हतं.

स्टँडवर ते पोचवायला आले. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीचा गज धरून म्हणाले, ‘भाऊ, एक विचारू? त्या वेळी तुम्ही तोंडदेखलं म्हणालात, की खरंच माफ केलंत मला?’

कंडक्टरने घंटी दिली. नाना गज सोडीनात, गाडीबरोबर दोन पावलं चालले.

मी म्हणालो, ‘केव्हाच.’