अनिश्चित महत्त्वाचे काका

माणसाची तब्येत त्याच्या शरीरात नसून त्याच्या फाइलीत असते, हे आता सर्वमान्य झालं आहे.

आमच्या काकांच्या रक्तात एक जास्तीचं प्रथिन सापडलं. डॉक्टरांनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं आणि सोप्या भाषेत अर्थही: महत्त्व अनिश्चित. (निवृत्तीपासून काकांविषयी घरातलं मत हेच होतं, त्यासाठी सुई टोचावी लागली नव्हती.) बहुतेकांना याचा जन्मभर त्रास होत नाही, क्वचित पुढे बिघडतं, म्हणून अधूनमधून तपासत राहायचं. "सध्या काळजीचं काही नाही," डॉक्टर म्हणाले. काकांनी या वाक्यातला फक्त 'सध्या' घरी आणला.

त्या दिवसापासून त्यांचं महत्त्व निश्चित झालं. पंख्याखालची खुर्ची आणि रिमोट त्यांच्याकडे आले. ओझं उचलणं प्रथिनाला मानवणार नाही असं ठरलं (प्रथिनाचं मत घेतलं नव्हतं), तेव्हा भाजीच्या पिशव्या काकूंकडे गेल्या (त्यांना हल्ली दम लागतो; पिशव्याच जड येतात). वजन, नाडी, झोप आणि जांभया यांवर देखरेखीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष काका, सदस्य काका, चहापाणी काकू. प्रथिनाच्या आलेखाची रेघ इतकी सरळ होती की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. समितीला हे संशयास्पद वाटलं.

परवाच्या तपासणीला दवाखान्याची लिफ्ट बंद होती. काका तरातरा वर पोचले. फाइल, पाण्याची बाटली आणि काकांचा स्वेटर घेऊन काकू मागून आल्या (मध्येच पायरीवर बसत, फाइल जड होती).

प्रथिन जागच्या जागी होतं. काकांचा चेहरा पडला.

"अजिबात वाढलं नाही?"

डॉक्टरांचं लक्ष मात्र दाराच्या चौकटीला टेकलेल्या काकूंकडे होतं. त्यांनी काकूंची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक.

"तुमचं रक्त कधी तपासलंय?"

"माझं कशाला? मला काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "ह्यांचं बघा नीट."

काकूंचं रक्त निम्म्यावर आलं होतं. ते कुठे जातंय हे शोधायला त्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं. काका बाहेर बाकावर बसून राहिले, फाइल मांडीवर घेऊन. ती मुळीच जड नव्हती.

घरच्यांचं लक्ष कुठे होतं, असं आता जो तो विचारतो. प्रश्न रास्त आहे. काकूंना धाप लागत असल्याचं वर दोनदा, कंसात का होईना, नमूद केलं होतं. तेव्हा आपण काकांच्या रेघेला हसत होतात.