पंधरा पर्सेंटाइलची सान्वी

घरात आकडा असलेला कुठलाही कागद आला, की तो आधी विश्रामसरांच्या हातात द्यायचा आणि त्यांनी काढलेला अर्थ निमूट मान्य करायचा, हे उर्वीला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं गेलं होतं. सासऱ्यांनी कल्याणला बावीस वर्षं सीईटीचे क्लास चालवलेले. त्यामुळे चार महिन्यांच्या सान्वीची डॉक्टरांकडची फाइलही आधी त्यांच्याकडेच गेली.

"वजन, पंधरा पर्सेंटाइल," त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. "एवढ्यावर डिप्लोमासुद्धा मिळत नाही."

"पप्पा, हे मार्क नाहीत. शंभर मुली वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, तर पंधरा तिच्या मागे."

"मागच्यांचं काय सांगतेस? पुढे किती आहेत ते बोल."

"तुझं दूधच पातळ आहे गं," सासूबाईंनी निकाल दिला. तो महिनाभर शेजारणींना, कळव्याच्या मावशींना आणि दूधवाल्यालाही कळवण्यात आला. (खुद्द दूधवाल्याच्या दुधाची इतकी चौकशी कधी झाली नव्हती.) विषय निघाला, की उर्वीचा नवरा अनिमेष नेमका आंघोळीला जायचा. त्या महिन्यात तो फार स्वच्छ राहिला.

पुढच्या तपासणीला सगळेच निघाले. सासूबाईंनी दुपट्यात गच्च गुंडाळलेली सान्वी स्वतःच काट्यावर ठेवली. "उघडी नको, पंखा आहे."

काटा सात किलो शंभरवर थांबला. डॉक्टरीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "महिन्यात दीड किलो? दुपटं काढा."

दुपट्यातून चांदीचा कमरपट्टा निघाला, मग फुलपात्र, आणि शेवटी खलबत्त्यातला बत्ता. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडलेले विश्रामसर भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मन लावून वाचू लागले.

नुसती सान्वी भरली सहा किलो शंभर.

"परत पंधराच्याच रेषेवर," डॉक्टर म्हणाल्या. "छान. ती तिची रेषा सोडत नाही, मला एवढंच बघायचं असतं."

"म्हणजे परत नापास," सर पुटपुटले. सासूबाईंनी पर्समधून पावडरच्या दुधाचा डबा काढला. "आजपासून हेच सुरू करायचं. विचारायचं काय त्यात."

"नाही," उर्वी म्हणाली. "तिला हे मिळणार नाही. आणि माझ्या दुधाबद्दल यापुढे कोणी एक शब्द बोलायचा नाही. बोलायचंच असेल तर आधी काट्यावर उभे राहा. तुमचेही पर्सेंटाइल काढून घेऊ."

डबा परत पर्समध्ये गेला.

अनिमेषने घसा साफ केला. आज हा पहिल्यांदा आपल्या बाजूने बोलणार, असं उर्वीला वाटलं.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "तुमच्याकडे रीचेकिंग असतं का?"