आठ दिवसांची शकुआत्या

आमची शकुआत्या गेले सात महिने आमच्याकडं आठ दिवस राहायला आलेली आहे.

आली ती संक्रांतीला, गड्ड्याची जत्रा बघायला. आता तिचा बंगला सोलापुरातच, होटगी रस्त्यावर. तिथून गड्डा दिसत नव्हता की काय, देव जाणे. पण "तुमच्या जुळे सोलापूरची हवा चांगली म्हणतात," असं सांगून ती आणि काका, म्हणजे तिचे यजमान, चार बॅगा घेऊन आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये उतरले. काकांचा टॉवेलचा कारखाना बुडाला, बंगला बँकेनं घेतला, हे अख्ख्या गावाला कळलं होतं. आत्याला तेवढं कळायचं राहिलं होतं. गड्ड्यातले पाळणे उतरले, दुकानदारांनी पालं उचलली. आत्या हलली नाही.

"येत्या सोमवारी निघतोय आम्ही," हे तिचं पालुपद. कुठला सोमवार, हे विचारायची आपली टाप नाही. त्या सोमवारच्या तयारीत तिची निळी बॅग दाराशी, चपलांच्या रॅकला टेकून उभी. वैशालीनं, माझ्या बायकोनं, कपाटातले दोन कप्पे रिकामे करून दिले, तर म्हणाली, "आठ दिवसांसाठी कोण कपाट लावतं?" सकाळी बॅगेतून साडी काढायची, संध्याकाळी घडी करून आत ठेवायची, वर चिमणीएवढं कुलूप. आमच्या घरात चोरण्यासारखा एक गॅसचा सिलिंडर आहे, तो बाल्कनीत असतो.

बाकी सगळं "आमच्याकडं". आमच्याकडं चहा ट्रेमधून येतो. आमच्याकडं कुत्र्यालासुद्धा वेगळा पंखा होता. इथं पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हटल्यावर, "आमच्याकडं नळ सोडला की येतं," ही मोलाची माहिती तिनं आम्हाला दिली. माझ्या स्कूटरवरसुद्धा ती क्षणभर थांबून मग बसते, कुणीतरी दार उघडेल म्हणून. काका बिचारे पेपर वाचतात, घडी घालतात, आणि पुन्हा उघडून तोच वाचतात.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. माझे वडील माळशिरसला मास्तर होते. मे महिन्यात आम्ही आत्याच्या बंगल्यावर जायचो. पहिल्या दिवशी श्रीखंड, दुसऱ्या दिवशी आमटी. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या ताट घेऊन यायची. नारळ, खण, तांदूळ. निघणाऱ्या बाईची ओटी भरायची रीतच आहे. आमची आई निघालेली नसायची, एवढाच काय तो फरक. ओटी भरून आत्या गोड हसायची, "वहिनी, चारची एसटी बरी पडते हं." आई मुकाट्यानं बॅग भरायला घ्यायची. मी तर ताट दिसलं की चपला शोधायला लागायचो.

तर परवा श्रावणातला शुक्रवार. सकाळी वैशालीनं पाट मांडला आणि ताट घेऊन आली. नारळ, खण, तांदूळ. "आत्याबाई, बसा. ओटी भरते तुमची."

आत्या बसली. पदर पुढं केला. आता 'आमच्याकडं खण रेशमी असतो' वगैरे येणार म्हणून मी तयारीत. तर ती उठली, देवाला नमस्कार केला, आत जाऊन ठेवणीतली साडी नेसून आली. एका हातानं नारळाची ओटी पोटाशी धरलेली, दुसऱ्या हातात निळ्या बॅगेची मूठ.

"अहो, उठा. रिक्षा बोलवा."

काकांनी पेपर खाली ठेवला. "कुटं जायचं, शकू?"

"कुटं का असंना!" होटगी रस्त्यावरचं शुद्ध मराठी एकदम गळून पडलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाय रे बाबा. तू सात म्हैने ठेवून घेतलंस. मी तुज्या आईला तीन दिवस न्हाय ठेवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगतो, तो येता सोमवार मीही मनातल्या मनात मोजत होतोच.

वैशालीला त्या ताटाचा इतिहास कुठला ठाऊक! ती करंडा हातात घेऊन बघतच राहिली. "अगं बाई, निघाला कुटं? श्रावणी शुक्रवारी घरच्या सवाष्णीची ओटी भरतात की! सासूबाई होत्या तोवर त्यांची भरायची. आता घरात मोठ्या तुम्हीच."

आत्या नारळाकडं बघत उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "ओटीचा नारळ आपल्या घरी न्यायचा असतो गं. ह्यो मी कुटं नेऊ?"

"आत न्या की. पिठाच्या डब्याशेजारी ठेवा."

आत्या स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही कुणीच आत गेलो नाही. काकांनी पेपर उघडला, पण उलटा. शेवटी ती आली तेव्हा नाक लाल आणि आवाज पुन्हा बंगल्याचा. "नारळ फारच बारीक आणलायस, वैशाली. पुढच्या शुक्रवारी मी येते बाजारात."

संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर माझे सगळे शर्ट खुर्चीवर. कपाटात आत्याच्या साड्या, दोन नव्हे, चांगले तीन कप्पे भरून.

निळी बॅग रिकामी होती. मी शर्ट घड्या करून तिच्यात भरले आणि ती दाराशी, चपलांच्या रॅकला टेकून ठेवली.